नर्सिंगला जायचं, पण कोणत्या दारानं? एएनएम, जीएनएम की बीएस्सी : फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

हिंगोली : बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या नेट कॅफेवर गर्दी होते. बाप, पोरगी आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. "बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भरायचाय." कॅफेवाला मान वर न करता सांगतो, "त्याची सीईटी होऊन गेली. पुढच्या वर्षी या."

६५-७० टक्के घेतलेली पोरगी त्याच पावली घरी परत येते. मग कोणीतरी ओळखीचा माणूस भेटतो. त्याच्याकडं एका कॉलेजची "शेवटची दोन सीट" शिल्लक असतात. इथून पुढं जे घडतं ते जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांनी पाहिलंय. सोयाबीन विकून, नाहीतर हळदीच्या पैशावर पहिला हप्ता भरला जातो, आणि दोन वर्षांनी हातात येतो एक कागद, ज्याच्यावर कुठल्याच सरकारी भरतीचा फॉर्म भरता येत नाही.

म्हणून हा विषय निकालानंतर नाही, दहावीनंतर सुरू होतो.

आत्ताच का?

हिंगोलीला शासकीय मेडिकल कॉलेज आलं. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा कॉलेजांचं ऑनलाइन उद्घाटन केलं, त्यात हिंगोली होतं. १०० जागा डॉक्टरकीच्या, आणि राज्य सरकारनं मंजुरी देताना सोबत ४३० खाटांचं रुग्णालय धरलेलं आहे. बातम्या झाल्या त्या डॉक्टरांच्या. पण ४३० खाटा डॉक्टर सांभाळत नसतात. तीन पाळ्यांत, रात्री दोन वाजताही, सलाईन संपलं का ते बघणारी असते ती सिस्टर.

सिस्टर कमी पडल्या तर काय होतं, हे आपल्या भागाला कोणी वेगळं सांगायला नको. आपल्याकडचा सिरियस पेशंट नांदेडला जातो. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात लेकरं होती. कारणांवर तेव्हा बरीच चर्चा झाली, औषधांची आणि माणसांचीही.

म्हणजे माणसं लागणार आहेत. जागतिक आरोग्य संघटना हजार लोकांमागे तीन नर्स असाव्यात म्हणते, आपल्या देशात हा आकडा दोनच्या आसपास सांगितला जातो. पण माणसं लागणार आणि नोकरी मिळणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायम पदं भरण्याऐवजी कंत्राटी भरती होते, हीच तक्रार घेऊन जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. तेव्हा "नर्सिंग केलं की नोकरी पक्की" असं जो सांगतो, त्याचं ऐकून घ्यावं आणि कागद बघावा.

तीन दारं, आणि एक आतला जिना

एएनएम दोन वर्षांचं. फक्त मुलींना. बारावी कला असो की विज्ञान, चालतं. यातून बाहेर पडलेली मुलगी म्हणजे उपकेंद्रावरची आरोग्य सेविका. जिल्हा परिषदेच्या कायम नोकरीत तिची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची जाहिरात आली होती, त्यात आरोग्य सेविकेची पदं होती. पण अशी मोठी जाहिरात दरवर्षी येत नाही. मधल्या काळात खाजगी दवाखाना नाहीतर कंत्राट.

जीएनएम तीन वर्षांचं, डिप्लोमा. मुलं-मुली दोघांनाही. कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषयासह ४० टक्के. विज्ञानाला पसंती असते, पण कलावाल्यांना दार बंद नाही. आपल्या जिल्ह्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, कारण गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात बऱ्याचदा फक्त कला शाखा असते आणि पोरी तिथंच जातात. घराजवळ, एसटीचा पास, संध्याकाळी घरी.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, पदवी. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे. सीईटी द्यावी लागते. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या.

आता जिना. एएनएम झालेल्या आणि नोंदणी असलेल्या मुलीला जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएम झालेल्याला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळते. म्हणजे बारावी कला केलेली पोरगीही पदवीपर्यंत पोचते, पण हिशोब बघा : थेट बीएस्सी चार वर्षं, जीएनएम आणि पोस्ट बेसिक मिळून पाच, एएनएमपासून सगळं चढत गेलं तर सात. सात वर्षं कोणत्या घरातली पोरगी शिकू शकते? आपल्याकडं २१ व्या वर्षी पाहुणे यायला लागतात. कागदावर जिना आहे, घरातून तो चढू देणारे कमी आहेत.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो. पोरीच्या किंवा पोराच्या डोक्यात नर्सिंग असेल तर अकरावीला विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र घ्यायचं. गणित सोडलं तरी चालेल, जीवशास्त्र सोडून चालणार नाही. हा निर्णय दहावीच्या निकालानंतर आठ-दहा दिवसांत होऊन जातो आणि बहुतेक वेळा कॉलेज किती लांब आहे यावर होतो.

मग बीएस्सीच करावं का?

ज्याला जमतं त्यानं बीएस्सी करावं, हे बरोबर. पण जीएनएमला कमी लेखायचं कारण नाही. शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएमही चालतं आणि बीएस्सीही, आणि दोघींची वेतनश्रेणी एकच, ३५,४०० पासून. २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण विभागानं सुमारे ४ हजार अधिपरिचारिकांची भरती काढली, त्यात दोन्ही पात्र होते. तिथं निवड झाली ती परीक्षेच्या गुणांवर.

फरक पुढं पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला आधी ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्या पदाचं मूळ वेतन ४४,९०० पासून आहे. (पोरांनी एक ध्यानात ठेवावं : एम्समध्ये या पदाच्या ८० टक्के जागा महिलांना, २० टक्के पुरुषांना.) गावच्या आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, तिथंही बीएस्सी नर्सिंगवाले येतात. ते पद कंत्राटी, २५ हजार मानधन आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत वेगळे. एमएस्सी करून कॉलेजात शिकवायचं असेल तर पदवीशिवाय रस्ता नाही. परदेशाचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंग आहे. पण तिकडं जायचं तर जर्मन भाषेच्या परीक्षा पास व्हाव्या लागतात, आणि ते काही तीन महिन्यांचं काम नाही.

खाजगी दवाखान्यातली स्थिती मात्र दोन्हींना सारखीच कडू आहे. नांदेड, संभाजीनगरला नवीन पोरीला हातात पडतो तो पगार ऐकला की बाप विचारतो, "यासाठी चार वर्षं घातली का?" सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्येच शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार द्यावा. शिफारस फायलीत आहे. पहिली दोन वर्षं खाजगीत अनुभवासाठी काढायची आणि त्याच काळात सरकारी परीक्षांचा अभ्यास चालू ठेवायचा, हे आधीपासून धरून चाललेलं बरं. नाहीतर पोरगी पहिल्या पगारालाच खचते.

सीईटी : ४० गुण कुठं जातात

बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश आधी नीटच्या गुणांवर व्हायचा. आता राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. १०० प्रश्न, १०० गुण, दीड तास, संगणकावर. भौतिक २०, रसायन २०, जीवशास्त्र २०, इंग्रजी २० आणि नर्सिंग अभियोग्यता २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हे नीट बघा. आपल्याकडची पोरं वर्षभर जीवशास्त्राच्या मागं लागतात, कारण "नर्सिंग म्हणजे बायो". बायोला गुण किती? २०. तेवढेच इंग्रजीला आणि तेवढेच अभियोग्यतेला. इंग्रजी नि अभियोग्यता मिळून ४० गुण, ज्यांची क्लासमध्ये तयारीच होत नाही. वाक्यातली चूक ओळखणं, शब्दाचा अर्थ, छोटा उतारा वाचून उत्तर देणं, असलं इंग्रजी रोज अर्धा तास केलं तरी सहा महिन्यांत फरक पडतो. रुग्णाशी कसं वागायचं, प्रसंगात काय आधी करायचं, साधा तर्क, ही अभियोग्यता. शहरातली पोरं इथंच पुढं निघून जातात, बायोत नाही.

गुण कापत नाहीत म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. ही गोष्ट सांगायला सोपी, पण वहीवर परीक्षा द्यायची सवय असलेलं लेकरू स्क्रीनवर घड्याळ पळताना बघून गडबडतं आणि शेवटचे १५ प्रश्न राहून जातात. परीक्षेच्या आधी चार-पाच वेळा तरी माऊस हातात घेऊन, वेळ लावून सराव करायला हवा. मोबाईलवरच्या सरावानं हात बसत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक फॉर्मची. नोंदणी बारावीच्या निकालानंतर नाही, साधारण बारावीच्या परीक्षेच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला होऊन जाते. म्हणजे हरभरा काढणीच्या धावपळीत. सीईटी कक्षाचं संकेतस्थळ डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा बघायचं काम घरातल्या कोणाकडं तरी द्यावं. ज्युनिअर कॉलेजांनी हे फळ्यावर लिहायला हवं. काही लिहितात, बरीच लिहीत नाहीत.

हुशार मुलींसाठी आणखी एक दार आहे, त्याची आपल्याकडं कोणी चर्चाच करत नाही. लष्कराची बीएस्सी नर्सिंग. पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी धरून देशात सहा कॉलेजं, २२० जागा. अविवाहित मुलींना. त्यासाठी मात्र नीट द्यावी लागते, नंतर लष्कराची इंग्रजी-बुद्धिमत्तेची परीक्षा आणि मुलाखत. शिक्षण सरकारी खर्चानं, आणि पूर्ण झाल्यावर लेफ्टनंट म्हणून नेमणूक. नीट फक्त डॉक्टर व्हायला असते, या समजुतीपायी फॉर्मच भरला जात नाही.

फी : कॅपमधून की थेट?

सीट कोणत्या मार्गानं मिळाली, यावर लाखाचा फरक पडतो, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही. अट ही की प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा थेट संस्थेत पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. अभिमत विद्यापीठांनाही नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुला-मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ती वेगळी.

म्हणजे एकाच कॉलेजात, एकाच बाकावर दोन मुली बसतात. एक कॅपमधून आलेली, फी माफ. दुसरी "सर, काही करा पण आमचं ॲडमिशन करा" म्हणत आलेली, पूर्ण फी. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ रुपये आहे, आणि बाजारात तोही मिळेलच असं नाही. एका लाखाच्या फीला हमीभावानं धरले तरी १९ क्विंटल सोयाबीन लागतं. कोरडवाहू शेतकऱ्याचं ते किती एकराचं पीक झालं, हे ज्याचं त्यानं मोजावं.

कॅपमध्ये कॉलेजांची यादी भरताना एजंटच्या सांगण्यावरून दोनच नावं टाकू नयेत. शासकीय आधी, मग ज्याचं स्वतःचं मोठं रुग्णालय आहे ते, मग बाकीची, जितकी चालतील तितकी भरावीत. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा फॉर्म एकदा भरला की पुढच्या फेरीत नाव धरत नाहीत, हे समजून मगच सही करायची. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्याच्यावर कोणी "डेव्हलपमेंट", "डोनेशन" म्हणून मागत असेल तर पावती मागावी. पावती म्हटलं की बरेच जण गप होतात.

डिप्लोमाला, म्हणजे एएनएम-जीएनएमला जाणाऱ्यांनी त्या संस्थेचा कोर्स महाडीबीटीवर दिसतो का, हे पैसे भरायच्या आधी बघावं. दिसत नसेल तर शिष्यवृत्तीच्या गप्पा ऐकायच्या नाहीत.

राहण्या-खाण्याचा खर्च वेगळाच, तो फीमाफीत येत नाही. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. कळमनुरीला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे. औंढा, कळमनुरी भागातल्या आंध समाजाच्या पोरींनी प्रवेशाच्या आधीच तिथं चौकशी करून यावी.

बोगस कसं ओळखायचं

तालुक्याच्या गावात दोन गाळ्यांवर बोर्ड लागतो : "नर्सिंग – १ वर्ष – १००% नोकरी." सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं नर्सिंग नावाचं काही नसतं. रुग्ण सहाय्यक, बेडसाइड असिस्टंट असे कोर्स असतात, त्यातले काही खरेही असतात, त्यावर दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळतं. पण त्यानं कोणी नर्स होत नाही. ज्या कोर्सनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते तोच नर्सिंगचा कोर्स. एएनएम असो, जीएनएम असो की बीएस्सी, नोंदणीशिवाय भरतीच्या फॉर्मला अर्थ नाही.

दुसरा प्रकार परराज्याचा. "इंदूरला, भोपाळला ॲडमिशन, कॉलेजला जायची गरज नाही, परीक्षेपुरतं या." मध्य प्रदेशात काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. उच्च न्यायालयानं तिथल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी सीबीआयकडं दिली, साठाहून जास्त कॉलेजं अपात्र निघाली, आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्या सीबीआयच्याच निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. इमारत एकाची, बोर्ड दुसऱ्याचा, रुग्णालय कागदावर. तिथं शिकलेल्या लेकरांचा काय दोष? पण वर्षं त्यांचीच वाया गेली. वर राज्याबाहेरच्या कॉलेजला मुलींची फीमाफी लागू नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी बापानं एकदा कॉलेजला जाऊन यावं आणि ऑफिसात बसायच्या आधी रुग्णालयात चक्कर मारावी. नियमानं बीएस्सी कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. दुपारी अकरा वाजता वॉर्डात पेशंट नसतील, गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच असेल, तर तिथं पोरगी इंजेक्शन कोणावर शिकणार? तिथल्याच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना चहाच्या टपरीवर विचारावं, ड्युटी कुठं लागते, शिकवायला कोण येतं. माहितीपत्रकात जे नसतं ते तिथं कळतं.

सरकारी कॉलेजं जवळ वाढली तर यातलं निम्मं दुखणं आपोआप जाईल. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये १५७ नवीन नर्सिंग कॉलेजांना मंजुरी दिली, १,५७० कोटींची योजना. ती २०१४ नंतर केंद्राच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या मेडिकल कॉलेजांना जोडून. हिंगोलीचं मेडिकल कॉलेज त्या १५७ मधलं नाही. त्यामुळं हिंगोलीला त्याच आवारात शासकीय बीएस्सी नर्सिंग हवं असेल तर ते राज्याकडूनच मागून घ्यावं लागणार. आमदार-खासदारांकडं रस्ता, सभागृह मागायला शिष्टमंडळं जातात. या मागणीसाठीही जायला हरकत नाही.

कागदं आत्ताच काढा

बारावीत असलेल्यांनी जात पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत वर्ष सुरू असतानाच टाकावा. ओबीसी, एसईबीसी, भटक्यांना नॉन क्रिमीलेअर लागतं, आणि त्याची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारी आहे का ते तारीख वाचून बघावं. ज्यांच्याकडं नवीन कुणबी दाखला आलाय त्यांनी एसईबीसीतून जायचं की ओबीसीतून हे एकदाच ठरवून सगळीकडं तेच लिहावं. सीईटीच्या फॉर्मवर एक प्रवर्ग आणि कॅपला दुसरा, यात जागा जाते. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस हे सेतूवर मिळतं, पण जूनमध्ये तिथं रांग असते आणि सर्व्हर बंद असतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर एका चकरेत काम होतं. आधारवरचं नाव, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं करून घ्यावं. महाडीबीटीचे पैसे त्याच्यावरच अडतात.